जितू आधी पाणी पितो

मी अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथला नियम साधा आहे. जे मोजलं ते लिहायचं, जे वाटलं ते लिहायचं नाही.

हेसुद्धा तसंच लिहिते आहे. कुणाचा विश्वास बसला नाही तर माझी काही हरकत नाही. माझाही बसत नव्हता.

ठिकाण खरवई, बदलापूर पूर्व. इमारतीचं नाव देत नाही, कारण तिथे अजून माणसं राहतात. महिना गेल्या वर्षीचा डिसेंबर. वेळ दिवेलागणीची. मध्यरात्री काही घडलं असतं तर मी ते झोपेवर ढकललं असतं. पण हे सगळं शेजारच्या घरात मालिका चालू असताना, गॅसवर दूध तापत असताना घडलं.

माझा धाकटा भाऊ जितेश. आमचा जितू.

खरवईत त्याला 'जितू नेटवाला' म्हणायचे. घरोघरी वायफाय बसवणं हे त्याचं काम. तो आणि आई तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायचे. मी अंबरनाथला एकटी राहते, शनिवारी त्यांच्याकडे जायचे.

लोकांची वायफाय लावणाऱ्या माझ्या भावाने स्वतःच्या घरचं वायफाय मात्र सताड उघडं ठेवलं होतं. पासवर्ड काय, तर आईचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. द्रौपदी एक-दोन-तीन. तो अख्ख्या मजल्याला पाठ होता. कुणाचा डेटा संपला की जिन्यातूनच आमचं नेट पकडायचे.

"जितू, निदान राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड तरी बदल," मी म्हणायचे. "अजून कंपनीने दिलेलाच आहे."

"ताई, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय? तुझ्या केमिस्ट्रीच्या नोट्स?"

"आईचं बँकेचं ॲप आहे त्याच नेटवर."

"अगं, दारात येऊन कुणी पाणी मागितलं तर नाही म्हणतो का आपण? तसंच आहे हे."

यावर आई हसायची. तिला तो जे बोलेल ते पटायचं.

आईच्या मोबाइलवर त्याने राउटरचं ॲप टाकून दिलं होतं. घरच्या वायफायला कुणाचाही फोन जोडला गेला की आईचा मोबाइल टुंग वाजायचा आणि त्यावर नाव यायचं. बाकी कशाचं तिला काही नव्हतं, पण संध्याकाळी 'जितेश' हे नाव आलं की ती चहाचं आधण ठेवायची. त्याचा फोन जिन्यातच नेट पकडायचा. तो दारात पोचेपर्यंत चहा उकळत असायचा.

आणि दारात आल्यावर त्याचं एक ठरलेलं होतं.

चपला काढायच्या. कुणाशी बोलायचं नाही. सरळ स्वयंपाकघरात जायचं, माठावरचं स्टीलचं झाकण काढायचं, पाणी प्यायचं, झाकण परत ठेवायचं. मग म्हणायचं, "आई, काय आहे खायला?"

लहानपणापासून हेच. जितू आधी पाणी पितो.

ऑगस्टमध्ये जितू गेला.

कामावरून घरी येत होता. घरापासून फार लांब नव्हता. वळणावर बाईक घसरली, मागून टँकर आला. त्याचा फोन मला पोलीस चौकीतून मिळाला. काच फुटलेली, मागची बाजू वाकलेली. मी त्यातली बॅटरी काढून घेतली आणि तो माझ्या अंबरनाथच्या कपाटात ठेवला.

हे लक्षात ठेवा. फोन माझ्या कपाटात होता.

दहाव्याला आम्ही उल्हास नदीवर गेलो. पिंड ठेवला. कावळा काही शिवेना.

समोर झाडावर कावळे बसलेले, पण एकही खाली येत नव्हता. मामा म्हणाले, "आईची काळजी करू नकोस, आम्ही आहोत." नाही. मी म्हटलं, "आईला मी माझ्याकडे नेईन." नाही. ऊन वर आलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला निघाले.

तेवढ्यात सुयोग पुढे आला. जितूबरोबर कामाला होता. रडून त्याचे डोळे सुजले होते, तरी तो त्याच्या नेहमीच्या पद्धतीने बोलला.

"जित्या, साल्या, काय पाहिजे तुला? वायफाय? जा, नाही बंद करणार तुझं वायफाय. पासवर्डपण नाही बदलणार. कधीही ये. बस?"

दोघंतिघं रडतारडता हसली.

आणि कावळा उतरला...

पिंडाला शिवला. लगेच.

योगायोग, असं मी मनात म्हटलं. आईने मात्र हात जोडले आणि म्हणाली, "शब्द दिला रे बाळा."

त्यानंतर आई माझ्याकडे यायला तयार होईना. आज येते, पुढच्या शनिवारी येते, असं चाललं होतं. मला वाटलं, घर सुटत नसेल. पण दिवाळीनंतर ती बारीक दिसायला लागली. देवळात जाणं बंद, भाजीला जाणं बंद. संध्याकाळी कुणी बोलावलं तरी घरातून हलायची नाही.

समोरच्या गयाबाईंनी मला जिन्यात अडवलं. मूळ खरवई गावातल्या त्या. "किर्ती, आयेला घेऊन जा गो. सांजेला एकटीच बोलत बसते. दोन कप चहा ठेवते."

त्या शनिवारी मी संध्याकाळपर्यंत थांबले.

आई पाटावर बसून वाती वळत होती. तिचा मोबाइल देवाजवळ ठेवलेला. बाहेर अंधारून आलं. तिने दिवा लावला.

टुंग...

आई उठली आणि तिने चहाचं आधण ठेवलं.

मी मोबाइल हातात घेतला. त्यावर नाव होतं, 'जितेश'.

मी काही बोलणार, तेवढ्यात दाराबाहेर चपलांचा आवाज आला. दार उघडलं गेलं नाही. ते बंदच होतं, कडी मला दिसत होती.

मग स्वयंपाकघरात...

माठाचं झाकण वाजलं.

आई ओट्याशी उभी होती. माठ तिच्यामागे, खिडकीखाली. तिचा हात तिथवर पोचणं शक्य नव्हतं. तिने वळूनही पाहिलं नाही. फक्त माझ्याकडे बघून हसली.

"रोज येतो," ती म्हणाली. "तू घाबरशील म्हणून सांगितलं नाही."

मी घाबरले नाही. मला राग आला.

प्रत्येक फोनला स्वतःचा, आकडे-अक्षरांचा एक पत्ता असतो. राउटर त्यावरून फोन ओळखतो. जितूच्या फोनचं खोकं अजून घरात होतं. खोक्यावरचा पत्ता आणि राउटरमधला पत्ता मी ताडून पाहिला. तोच निघाला. पण मला हेही माहीत होतं की नाव आणि पत्ता दोन्ही उसने घेता येतात. थोडी माहिती असलेला कुणीही आपला फोन दुसऱ्याचा म्हणून दाखवू शकतो. आणि आमचा पासवर्ड तर सगळ्यांनाच ठाऊक.

म्हणजे कुणीतरी जिवंत माणूस माझ्या मेलेल्या भावाचं नाव लावून घरात शिरत होता. त्या नेटवर आईचं बँकेचं ॲप होतं. आई दिवसेंदिवस खंगत होती. झाकणाचं म्हणाल तर, जुनं वाकलेलं झाकण आपोआपही वाजतं.

असं मी स्वतःला समजावलं.

दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला गेले. जितू ज्याच्याकडून माल घ्यायचा, त्या कमलेशच्या दुकानात.

"नवा राउटर दे. सगळ्यात पक्का."

"दीदी, ये ले जाओ. डब्ल्यूपीए थ्री आहे याच्यात. एनक्रिप्शन एकदम टाइट." मग खोकं पुसतापुसता म्हणाला, "जितू खुद घर में नहीं लगाता था. बोलायचा, कमलेशभाई, ताला किसके लिए? मी म्हटलं, चोर के लिए. तो बोलला, चोर तो ताला तोड़ के आता है, ताले से तो घरवाला रुकता है."

तो हसला. पैसे घ्यायला तयार नव्हता, मी बळेच दिले.

त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या आधी, मी नवा राउटर लावला. सेटिंगचा पासवर्ड बदलला. एनक्रिप्शन सगळ्यात वरचं निवडलं. बटण दाबून जोडायची सोय बंद केली. पाहुण्यांचं नेटवर्क बंद केलं. नेटवर्कचं नाव बदललं नाही, ते जितूने ठेवलेलं होतं.

वायफायचा पासवर्ड म्हणून मी चार शब्द घेतले, एकमेकांशी काहीही संबंध नसलेले. असा पासवर्ड लक्षात राहतो आणि फोडता येत नाही. ते शब्द फक्त माझ्या डोक्यात होते. आईच्या आणि माझ्या मोबाइलमध्ये मीच भरले, तिला न दाखवता.

आई दारात उभी राहून सगळं पाहत होती.

"दहाव्याला शब्द दिला होता, किर्ती."

"तो सुयोगने दिला होता. चेष्टेत."

"कावळ्याला चेष्टा कळते का?"

मी जुन्या राउटरची वायर गुंडाळली.

अंधार पडला. आईने दिवा लावला. टुंग वाजलं नाही.

मी राउटरच्या नोंदी उघडून बसले होते. तिथे एक ओळ आली. जितूच्या फोनचा पत्ता, आणि पुढे 'पासवर्ड चुकीचा'.

मग पुन्हा तीच ओळ...

आणि पुन्हा...

कोणता पासवर्ड टाकला ते राउटरला कळत नाही. त्याला एवढंच कळतं की तो चुकला. बाहेर कुणीतरी होतं आणि एकसारखा प्रयत्न करत होतं. मी धावत जाऊन दार उघडलं. माझी खात्री होती की जिन्यात कुणीतरी मोबाइल घेऊन उभा सापडेल.

जिना रिकामा होता.

फक्त आमच्या पायपुसण्यापाशी फरशीवर चपलांचे ओले ठसे होते. पुढची टोकं दाराकडे. डिसेंबरात बाहेर सगळं कोरडं होतं.

त्यानंतर मी रजा टाकून तिथेच राहिले. रोज दिवेलागणीला नोंदीत त्याच ओळी यायच्या. रोज दाराबाहेर चपलांची घासघास. माठाचं झाकण पुन्हा वाजलं नाही.

आईने पाणी पिणं कमी केलं. मग जवळजवळ सोडलंच.

"आई, घोटभर तरी घे."

"तो बाहेर तहानलेला उभा आहे. मी कसं पिऊ?"

डॉक्टरने सलाइन लावलं. त्याला काही दोष सापडला नाही. मला म्हणाला, "मन रमवा त्यांचं. जागा बदला." मी रिक्षा बोलावली, बॅग भरली. आईने दाराची चौकट धरली आणि सोडेना. तिच्या हातात एवढी ताकद कुठून आली, माहीत नाही. रिक्षावाला खालून हॉर्न वाजवून निघून गेला.

मग एका संध्याकाळी नोंदीत एकही ओळ आली नाही.

चपला वाजल्या नाहीत. ठसे नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. मला वाटलं, सुटलो.

आईने अंथरूण धरलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "दमला तो," ती म्हणाली. "किर्ती, मला पासवर्ड सांग. मी त्याला सांगते. एवढं कर. मग तू म्हणशील तिथे येते."

तुम्ही काय केलं असतं?

माझ्यासमोर दोन गोष्टी होत्या. एक, चार शब्द. दुसरी, माझी आई. मी तिला शब्द सांगितले. ते इथे लिहिणार नाही. आता मी ते कुठेच लिहीत नाही.

दिवेलागणीला मी तिला धरून दारापर्यंत नेलं. तिने कडी काढली. जिन्यातला दिवा गेलेला होता. खाली काळोख. आईने तोंडाशी हात धरला आणि एकेक शब्द सावकाश, मोठ्याने म्हटला. लांब गेलेल्या मुलाला जेवायला हाक मारावी तसा.

पहिला... दुसरा... तिसरा... चौथा.

शब्द जिन्यातून खाली गेले. मला तेव्हा एक साधी गोष्ट सुचायला हवी होती. मोठ्याने सांगितलेला पासवर्ड, जो ऐकेल त्याचा होतो.

आम्ही दार लावलं.

टुंग...

'जितेश'. तेच नाव. मी पत्ता तपासला. तोच पत्ता. आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने चहाचं आधण ठेवायला सांगितलं.

माझ्या हातात आईचा मोबाइल होता. नव्या राउटरच्या ॲपमध्ये प्रत्येक फोनपुढे सिग्नलचा आकडा दिसतो. तो उणे असतो. शून्याच्या जितका जवळ, तितका फोन राउटरच्या जवळ. जिन्यात असेल तर उणे सत्तरच्या आसपास. राउटरला टेकवला तर उणे तीस.

'जितेश'पुढे उणे सत्तर होतं.

मग साठ. पन्नास. म्हणजे दाराच्या आत.

आई स्वयंपाकघराकडे कान देऊन बसली होती. मीही.

माठ शांत होता...

आकडा चाळीस झाला. हॉलमध्ये. पस्तीस. राउटर देवाच्या फळीखाली होता. आई त्याला पाठ लावून बसली होती.

गॅसवरचं दूध उतू गेलं. आम्ही कुणी हललो नाही.

झाकण वाजलं नाही.

तीस. आकडा तिथे थांबायला हवा होता. त्याहून जवळ जायला जागाच नसते.

वीस... दहा...

आईने माझं मनगट पकडलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. तिच्या स्वतःच्या खांद्यापलीकडे, डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायचा प्रयत्न करत होती.

"किर्ती," ती अगदी हळू म्हणाली, "हा पाणी प्यायला नाही."

मला कळेना.

"जितू आधी पाणी पितो. हा जितू नाही."

त्या क्षणी दाराबाहेरून चपलांची घासघास ऐकू आली. थकलेली. दारापर्यंत आली आणि थांबली.

आणि इकडे आत, देवापुढचा दिवा कुणीतरी विझवला.

आम्ही कशा बाहेर पडलो ते सांगता येणार नाही. गयाबाईंनी दार उघडलं, एवढं आठवतं. आई त्यांच्या जमिनीवर बसली आणि म्हणाली, "त्याला बाहेर ठेवलं. आणि कुणाला आत घेतलं गं आपण?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सुयोगला बरोबर घेऊन मी घरात गेले. राउटर काढला, वायर तोडली, विजेचा मेन बंद केला, कुलूप लावलं. तो राउटर आता माझ्या कपाटात आहे, जितूच्या फोनशेजारी.

आई माझ्याकडे राहते. मला तेच हवं होतं. ती जेवते, औषध घेते, विचारलं तेवढं बोलते. दिवेलागणीला दाराकडे तोंड करून बसते. इथे मी तिच्यासाठी माठ आणला आहे. त्याचं झाकण आम्हा दोघींशिवाय कुणी काढत नाही. माझ्या इथल्या वायफायला कुणी अनोळखी फोन जोडायला येत नाही. मी रोज नोंदी पाहते. कुणी प्रयत्नसुद्धा करत नाही.

आईच्या सांगण्यावरून गयाबाई रोज संध्याकाळी आमच्या बंद दाराबाहेर तांब्याभर पाणी झाकून ठेवतात. मध्यंतरी त्यांचा फोन आला.

"किर्ती, तांब्या सकाळी रिकामा असतो गो. मांजर बोलशील, तर झाकण परत नीट ठेवलेलं असतं." मग म्हणाल्या, "आनी सुनेच्या मोबाइलात तुमचं वायफाय दिसतं. फुल्ल दांड्या. तुमी मशीन नेलीत ना?"

गेल्या रविवारी दिवेलागणीला मी स्वतः गेले. मोजल्याशिवाय मानायचं नाही, ही सवय आहे.

जिना चढताना पर्समध्ये माझा मोबाइल थरथरला. त्यात तो पासवर्ड साठवलेला होता. फोन आपणहून वायफायला जोडला गेला. ज्या राउटरला जोडला गेला, तो अंबरनाथला कपाटात होता.

मी दारापाशी पोचले. कुलूप होतं तसंच. पायपुसण्याशेजारी गयाबाईंनी ठेवलेला तांब्या. मी ॲप उघडलं. त्यात दोन फोन दिसत होते. एक माझा. दुसरा 'जितेश'.

दोघांपुढचा आकडा एकच होता. माझा बदलला की त्याचाही बदलायचा. मी एक पाऊल मागे घेतलं. दोन्ही आकडे मिळूनच घसरले. मी पुढे झाले. दोन्ही वाढले.

दाराच्या त्या बाजूला, माझ्याइतक्याच अंतरावर, कुणीतरी माझ्याबरोबर पावलं टाकत होतं...

तेवढ्यात माझ्या मागे, अगदी पायाशी, तांब्यावरचं झाकण वाजलं.

मी मागे पाहिलं नाही. दाराकडेही पाहिलं नाही. कठड्याला धरून खाली उतरले.

घरी आले तेव्हा आई दारातच होती.

"होता?" तिने विचारलं.

"हो."

"पाणी प्यायला?"

"प्यायला."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या मागे, रिकाम्या जिन्याकडे पाहिलं.

"मग त्याला घेऊन का नाही आलीस?"

तेव्हापासून ती रोज दिवेलागणीला हे विचारते. मी रोज दार लावून घेते.